पटवून देणारी वाणी आणि श्रोत्याचा विवेक



सज्जन श्रोतेहो, आपला संप्रदाय हा श्रवणाचा संप्रदाय आहे. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला, आणि वारकरी तर जन्मभर ऐकतच असतो. पहाटे काकडा, दुपारी प्रवचन, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. असे असून एक नवल वाटते. बोलणाराला कसे बोलावे हे शिकविणाऱ्या पाठशाळा आहेत. आळंदीस विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तेथून कीर्तनकारांच्या पिढ्या तयार झाल्या. परंतु ऐकणाराने कसे ऐकावे, याचा पाठ त्याला सहसा कोणी देत नाही. ऐकणारा भोळा राहिला तरी चालेल, असाच जणू समज आहे. तो समज खोटा आहे. कसा, ते आम्ही स्वतःच्या एका चुकीवरून पुढे सांगणार आहोत. आधी शास्त्र पाहू.

मनुष्याचे मन वळविण्याच्या ज्या युक्त्या आहेत त्या आजच्या नाहीत. बाजारातला विक्रेता, निवडणुकीतला वक्ता, मोबाइलवर येणारा निरोप आणि आम्ही कीर्तनकार, सगळे त्याच युक्त्या वापरतो. आपल्या पूर्वजांनी त्यांना नावे देऊन ठेवली आहेत. ज्या गोष्टीचे नाव ठाऊक असते ती अंधारातही ओळखू येते, म्हणून ही नावे वाचकांनी ध्यानी धरावी.

उपदेशाचे तीन मार्ग

काश्मिरात अकराव्या शतकात मम्मट नावाचे थोर आलंकारिक होऊन गेले. त्यांच्या काव्यप्रकाश ग्रंथाच्या आरंभीच उपदेशाचे तीन प्रकार आले आहेत. पहिला प्रभुसंमित. मालक नोकराला आज्ञा करतो तसा वेद सांगतो, हे कर आणि हे करू नको. तेथे 'का' विचारायचे नसते. दुसरा सुहृत्संमित. मित्र जवळ बसून म्हणतो, बाबा रे, असे केले तर असे होते, अमक्याचे असे झाले. पुराणे आणि इतिहास या रीतीने बोलतात. तिसरा कांतासंमित. प्रिय पत्नी जशी आज्ञाही करीत नाही आणि वादही घालीत नाही, गोडीने मन वळविते, तसे काव्य आपल्याला वळवून घेते.

आपल्या कीर्तनात हे तिन्ही आहेत. अभंगाचे प्रमाण देतो तेव्हा आम्ही आज्ञेच्या सुरात बोलतो, संतचरित्र सांगताना मित्र होतो, आणि चाल लावली, टाळ-मृदंग चढला की काव्याचे काम सुरू होते. आता श्रोत्याने एवढे ओळखावे की, ज्याला आपल्याकडून काही घ्यायचे असते तो मालकासारखा कधीच येत नाही. तो मित्र होऊन येतो आणि काव्याने बोलतो.

दृष्टांत आणि उपनय

२०११ साली गोदाकाठच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. सातव्या दिवशी आमचे कीर्तन होते. त्या दिवसाच्या पंगतीचा सगळा खर्च एका बाहेरगावच्या गृहस्थाने केला होता. कीर्तनाच्या शेवटी मंडळींनी त्याला 'दोन शब्द' बोलावयास उभे केले. तो मोठा गोड बोलला. म्हणाला, "शेतकरी मायबापहो, एक दाणा मातीत घातला तर कणसाला किती दाणे लागतात? आणि तोच दाणा डब्यात ठेवला तर काय होते? उंदीर खातो. तुमचा पैसा डब्यात पडला आहे. तो पेरा. आमच्या योजनेत तीन वर्षांत दुप्पट घ्या."

माना डोलल्या. का डोलल्या, ते पाहा. न्यायशास्त्रात गौतमांनी दृष्टांताचे लक्षण असे केले आहे की, ज्या गोष्टीविषयी अडाणी माणसाची आणि पंडिताची समजूत एकच असते तो दृष्टांत. दाणा पेरला की कणीस येते, यावर शेतकऱ्याचे आणि शास्त्र्याचे दुमत नाही. म्हणून दृष्टांत ऐकताच मन 'होय' म्हणते. पण हे 'होय' कशाला म्हटले? दाण्याला म्हटले. योजनेला अजून म्हटलेले नाही.

पाठशाळेत आम्ही तर्कसंग्रह घोकला तेव्हा गुरुजी अनुमानाची पाच अवयववाक्ये बोटांवर मोजून घेत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जशी आपली चूल, हे उदाहरण. हा डोंगरही तशाच धुराचा आहे, हा उपनय. म्हणून येथे अग्नी आहे, हे निगमन. विद्यार्थी उपनय म्हणावयाचा नेहमी विसरत. उदाहरण झाले की सरळ निगमनावर उडी मारीत. गुरुजी छडी आपटीत आणि म्हणत, "चुलीपासून डोंगरावर कसा गेलास? मधली पायरी कुठे आहे?"

ही मधली पायरी, उपनय, हाच आजच्या पाठाचा गाभा आहे. उपनय म्हणजे 'हेही तसेच आहे' असे म्हणणे. फसविणाराचे उदाहरण बहुधा खरेच असते, त्याची लबाडी उपनयात असते. दाण्याचे कणीस होते हे खरे. पण पैसा हा दाणा आहे काय? दाण्याच्या पोटात अंकुर आहे, खाली माती आहे, वर पाऊस आहे, आणि पीक शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत वाढते. पैशाला अंकुर नाही. तो ज्याच्या हाती दिला त्याने काही उद्योग केला तर वाढेल, नाही केला तर सरेल. तेव्हा 'हेही तसेच आहे' हे वाक्य खोटे. त्या गृहस्थाने ते वाक्य उच्चारलेच नाही. उदाहरणावरून निगमनावर उडी मारली, आणि मधली पायरी श्रोत्यांनी आपल्या मनात आपणच घालून घेतली.

म्हणून श्रोतेहो, दृष्टांताला मान डोलवावी, हरकत नाही. पण उपनयापाशी मान थांबवावी, आणि स्वतःला विचारावे, 'हे तसेच आहे का? कोणत्या बाबतीत तसे आहे, आणि कोणत्या बाबतीत नाही?'

अर्थवादाची चार अंगे

आता दुसरी युक्ती. वेदवाक्यांचा विचार करताना गौतमांनी अर्थवादाचे चार प्रकार सांगितले. स्तुती, निंदा, परकृती आणि पुराकल्प. विधी म्हणजे 'हे करावे' असे सांगणारे वाक्य. ते करण्याची उमेद यावी म्हणून त्याच्या सोबतीला जे बोलले जाते तो अर्थवाद. मन वळविण्याचे बहुतेक सगळे शास्त्र या चार शब्दांत आले आहे. एकेक घेऊ.

स्तुती म्हणजे फळाचे गोडवे. नामाने काय मिळते हे आम्ही सांगतो ती स्तुती. 'तीन वर्षांत मुलीचे लग्न, सहा वर्षांत पक्के घर' हीही स्तुतीच.

निंदा म्हणजे न केल्यास होणारी हानी. नरदेह वाया जातो, हे संत सांगतात. त्या गृहस्थाने सांगितले, "उद्या संध्याकाळी नोंद बंद होईल, मग हळहळ करू नका." घाई लावणे ही निंदेचीच धाकटी बहीण आहे. ती भय घालते आणि विचाराला सवड ठेवीत नाही. ज्या कामात खरे हित आहे ते काम सहसा उद्या संध्याकाळी बंद पडत नाही. पंढरीची वाट शेकडो वर्षे उघडी आहे.

परकृती म्हणजे दुसऱ्याने काय केले ते सांगणे. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच देव पाहिला, असे आम्ही सांगतो, तेव्हा शेतकऱ्याला धीर येतो. गृहस्थाने सांगितले, "शेजारच्या गावात घरटी एक पावती फाटली आहे." आता मोबाइलचे पाहा. एकच निरोप दहा जणांकडून आला की आपण म्हणतो, दहा जण सांगतात. पण दहांनीही तो वाचून पुढे ढकलला असतो, तपासलेला कोणीच नसतो. बोलणारे तोंड एकच, बाकी नऊ नुसते प्रतिध्वनी. मळा जाऊन पाहिलेला एक मनुष्य या दहांपेक्षा भारी समजावा.

पुराकल्प म्हणजे 'पूर्वीपासून असे चालत आले आहे' हे सांगणे. वारी वाडवडिलांपासून आहे म्हणून आपण आनंदाने चालतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कोणत्याही बाटलीवर 'ऋषिमुनींचे गुपित' असे छापले म्हणजे ती बाटली ऋषींच्या आश्रमातून आली असे होत नाही. ऋषींना गुपित ठेवावयाचे असते तर त्यांनी ग्रंथ कशाला सांगितले असते?

मीमांसकांचा एक नियम येथे फार उपयोगी पडतो. ते म्हणतात, अर्थवादाला स्वतंत्रपणे उभे राहण्याचे बळ नाही, तो विधीशी जोडला गेला तरच त्याला अर्थ. तेव्हा कोणाचेही बोलणे ऐकल्यावर त्यातून ही चार अंगे बाजूला काढावी. गोडवे काढा, भय काढा, 'सगळे करतात' काढा, 'पूर्वीपासून आहे' काढा. मागे काय उरते ते पाहा. संतांच्या बोलण्यातून ही चारी अंगे काढली तरी मागे 'नाम घे, खरे बोल, परपीडा करू नको' एवढे उरते, आणि ते आपल्या पायावर उभे असते. त्या गृहस्थाच्या बोलण्यातून चारी काढल्यावर 'पैसे द्या' एवढेच उरले.

आवाज, आवृत्ती आणि गजर

तिसरी युक्ती शब्दाच्या अर्थात नाही, नादात आहे. हे सांगताना आम्हीच आमच्या घरातले सांगत आहोत, पण सांगितले पाहिजे.

साहित्यशास्त्रात काकु म्हणून एक प्रकार आहे. काकु म्हणजे स्वराचा हेलकावा. 'तो मोठा प्रामाणिक' हे तीन शब्द सरळ म्हटले तर स्तुती होते, आणि शेवटी स्वर जरा उचलला तर निंदा होते. शब्द तेच. कागदावर लिहून घेतले तर बोलणारा म्हणू शकतो, 'मी वाईट कुठे बोललो?' ज्याला आरोप करावयाचा असतो पण जबाबदारी नको असते तो काकूचा आश्रय करतो. तसेच नुसते प्रश्न विचारून सुटणारे वक्ते असतात. 'एवढा पैसा कुठून आला असेल बरे?' असे विचारून गप्प बसायचे. उत्तर श्रोता आपल्या मनाने देतो, आणि आपणच दिलेले उत्तर मनुष्याला परक्याच्या उत्तरापेक्षा अधिक खरे वाटते.

आवृत्तीचे बळ तर वारकऱ्याला सांगावयास नको. तेच नाम पुन्हा पुन्हा घेतल्याने ते अंगी मुरते. परंतु आवृत्तीला खरेखोटे कळत नाही. खोटी गोष्टही वारंवार कानावर आली की ओळखीची होते, आणि ओळखीचा चेहरा मनुष्य सहज घरात घेतो. त्यातून यमक, अनुप्रास जुळला की वाक्य जिभेवर बसते. जिभेवर बसलेले वाक्य विचारात पारखलेलेच असेल, असे नाही.

आणि गजर. मृदंगाचा ठेका द्रुत होतो, टाळकरी पावली धरतात, विठ्ठलनामाचा कल्लोळ होतो आणि मग एकदम सगळे थांबते. त्या क्षणी मंडपात जी शांतता असते तिच्यासारखी शांतता दुसरी नाही. श्रोत्याचे मन त्या वेळी पावसानंतरच्या जमिनीसारखे मऊ झालेले असते. जे टाकाल ते रुजते. कीर्तनकार जाणता असेल तर तो आपले सर्वांत मोलाचे वाक्य गजरानंतरच बोलतो. हे आम्हाला वडीलधाऱ्यांनी शिकविले. त्या वाक्याची जोखीम केवढी आहे, हे मात्र आम्ही ठेच लागल्यावर शिकलो.

छलाचे तीन प्रकार

ती ठेच सांगण्यापूर्वी छल पाहू. बोलणाराच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून डाव साधणे याला न्यायशास्त्रात छल म्हणतात. तो प्रतिपक्षाला हरविण्यासाठी सांगितला आहे, पण बाजारात तो गिऱ्हाइकावर उलटा चालतो.

पहिला वाक्छल, म्हणजे शब्दाच्या दोन अर्थांचा खेळ. 'नव' म्हणजे नवीन आणि 'नव' म्हणजे नऊ. एखाद्याने नवे कांबळे पांघरले म्हटले, तर छल करणारा विचारतो, बाकीची आठ कुठे आहेत? हा जुना शाळकरी दाखला झाला. आजचा दाखला असा. 'आमची संस्था नोंदणीकृत आहे.' कंपनी म्हणून नोंद होणे निराळे, आणि लोकांच्या ठेवी घेण्याची परवानगी असणे निराळे. बोलणारा पहिल्या अर्थाने बोलतो, ऐकणारा दुसऱ्या अर्थाने ऐकतो.

दुसरा सामान्यछल. एखादी गोष्ट साधारणपणे खरी असते, ती प्रत्येकाला लागू करायची. माळकरी सहसा खोटे बोलत नाही, हे आपण अभिमानाने म्हणतो. म्हणून ज्याच्या गळ्यात माळ आहे तो प्रत्येक जण खराच, असे धरले की सामान्यछल झाला. तुळशीची माळ बाजारात कोणालाही मिळते.

तिसरा उपचारछल. लाक्षणिक बोलणे अक्षरशः घ्यायचे. 'मचाण ओरडते आहे' म्हणजे मचाणावरची माणसे ओरडतात. लाकूड कधी ओरडते का? संतांनी नामाला भवरोगाचे औषध म्हटले. तो रोग जन्ममरणाचा. ज्याला साखरेचा विकार आहे, रक्तदाब आहे, त्याने डॉक्टरांची गोळी टाकून द्यावी, असा त्याचा अर्थ कोणी सांगत असेल तर तो संतांच्या वाणीवर छल करीत आहे. चमत्काराने रोग बरे करण्याच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा या देशात १९५४ सालीच झाला आहे. तरीही अशा बाटल्या वारीच्या वाटेवर मिळतातच. पायी चालणाराने गोळ्यांची पिशवी टाळांच्या पिशवीइतकीच जपावी.

आमची चूक

आता ठरल्याप्रमाणे आमची चूक सांगतो.

त्या सप्ताहात गृहस्थ उभा राहण्यापूर्वी, मंडळींच्या आग्रहावरून, गजर थांबताच आम्ही एक वाक्य बोललो. आम्ही म्हणालो, "जो पांडुरंगाच्या पंगतीत वाढतो त्याचा हात कधी खोटा नसतो." बोलण्याच्या भरात बोललो. वाक्य गोड होते, मंडपात टाळी झाली. मग तो बोलावयास उभा राहिला.

पुढच्या वर्षी, २०१२ च्या आषाढीला, वाटेवरच्या एका मुक्कामी एक म्हाताऱ्या आजी आम्हाला शोधीत आल्या. रोजंदारी करून आणि शेळ्या विकून साठविलेले चाळीस हजार रुपये त्यांनी त्या योजनेत घातले होते. नातीच्या लग्नासाठी ठेवले होते. कचेरीला कुलूप लागले होते. आजी रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "महाराज, त्या माणसाला मी कुठं ओळखत व्हते? तुम्ही म्हणाला म्हणून दिलं."

आम्ही म्हणालो, "माउली, मी योजनेविषयी काहीच बोललो नव्हतो."

त्या म्हणाल्या, "योजनेचं नाही म्हणाला. हात खोटा नसतो म्हणाला."

काय उत्तर देणार? रात्रभर झोप आली नाही. तंबूत पडल्या पडल्या, गुरुजींनी शिकविल्याप्रमाणे, आमचे वाक्य पाच अवयवांत मांडून पाहिले. हा मनुष्य विश्वासाचा आहे, ही प्रतिज्ञा. कारण तो अन्नदान करतो, हा हेतू. जो जो अन्नदान करतो तो तो विश्वासाचा, हे उदाहरण. येथेच पाय घसरला. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे खरे. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही. लोहाराच्या भट्टीतला तापलेला गोळा लालबुंद असतो, त्याला धूर नसतो. तर्कसंग्रह शिकणारा पोरगाही हे जाणतो. तसेच भला मनुष्य दान करील, पण दान करणारा भलाच असेल असे नाही. पंगत विकतही घालता येते. या दोषाला सव्यभिचार म्हणतात, आणि तो हेत्वाभासांत पहिलाच मोजला आहे. चाळीस वर्षांपूर्वी घोकलेला पहिलाच हेत्वाभास आम्ही गादीवर उभे राहून, पांडुरंगाच्या नावाने, गजरानंतरच्या शांततेत पेरला. सामान्यछलही आमचाच, अर्थवादही आमचाच. त्या गृहस्थाने फक्त पीक कापून नेले.

आजींना घेऊन आम्ही पोलिसांकडे गेलो. तक्रार नोंदली गेली. ठेवीदारांच्या रक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, आणि बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही २०१९ साली झाला. परंतु कायदा मागून चालतो, कान पुढे जाऊन बसलेला असतो. आजींचे पैसे परत आले नाहीत. त्या आज हयात नाहीत.

तात्पर्य काढण्याची सहा साधने

मग श्रोत्याने करावे काय? ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी वेदांतात सहा लिंगे सांगितली आहेत. उपक्रम आणि उपसंहार मिळून एक, मग अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. मोठमोठ्या उपनिषदांना लावतात ती साधने आपण चार ओळींच्या निरोपाला लावू.

उपक्रम-उपसंहार म्हणजे सुरुवात कोठे झाली आणि शेवट कोठे झाला. गृहस्थाने सुरुवात पांडुरंगापासून केली आणि शेवट पावतीबुकाशी केला. दोन्ही टोके जुळत नसतील तर मधे कोठेतरी वळण आहे. ते शोधावे.

अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा काय आले. बोटे मोजावी. देवाचे नाव किती वेळा आणि स्वतःच्या मालाचे किती वेळा.

अपूर्वता म्हणजे दुसरीकडून न कळणारे असे नवे काय सांगितले. दाणा पेरला की उगवतो, हे आपल्याला ठाऊकच होते. नवे काय? हेच की पैसे कोठे द्यावे. म्हणजे बोलण्याचा रोख तोच.

फल म्हणजे हे केले तर लाभ कोणाला. ही कसोटी सर्वांत सोपी आणि सर्वांत पक्की. संतांनी नाम घ्यावयास सांगितले त्यात संतांना काय मिळाले? उलट त्यांनीच त्रास सोसला. सांगणाराचा लाभ आधी आणि ऐकणाराचा नंतर, असे असेल तेथे सावकाश जावे.

अर्थवाद ओळखून बाजूला काढावा. तो कसा, हे वर सांगितलेच.

उपपत्ती म्हणजे युक्ती, हिशेब. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने दर साल शेकडा सुमारे सव्वीस. आता आपल्या गावात दर साल शेकडा सव्वीस खात्रीने देणारा धंदा कोणता, हे बोटावर मोजून पाहावे. शिवाय गावोगाव पंगती घालण्याचा खर्च त्यातूनच निघायचा! एवढा हिशेब त्या दिवशी मंडपात एकाने जरी मोठ्याने केला असता तरी आजींचे पैसे वाचले असते. ठेवी घेणाऱ्या संस्थेविषयी शंका असेल तर रिझर्व्ह बँकेचे 'सचेत' हे संकेतस्थळ २०१६ पासून आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून त्यावर पाहून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

मग अलंकार टाकून द्यावे काय?

एवढे वाचून कोणी म्हणेल, बुवा, म्हणजे गोड बोलणे सगळे खोटेच! तसे नव्हे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी झाली. तिच्या आरंभीच माउलींनी गणेशाचे रूपक केले आहे. सहा दर्शने हे त्याचे सहा हात. तर्क हा हातातला परशू, वेदांत हा मोदक. आणि दात कोणता? संवाद हा दात, आणि त्याचा पांढरा रंग म्हणजे समता, निःपक्षपातीपणा. तर्काचा परशूही देवाच्याच हाती दिला आहे, हे ध्यानात घ्यावे. प्रश्न विचारणे अभक्ती नव्हे. आणि संवादाचा रंग पांढरा असावा, त्यात स्वार्थाचा डाग नसावा.

माउलींचे दृष्टांत आणि त्या गृहस्थाचा दृष्टांत यांत फरक कोणता? माउली दृष्टांत देतात तो आधी सिद्ध असलेली गोष्ट दिसावी म्हणून देतात. दिव्याने वस्तू दिसते, दिव्याने वस्तू निर्माण होत नाही. शिवाय माउली एका गोष्टीला दृष्टांतावर दृष्टांत देतात, कारण एकच दृष्टांत सर्व बाजूंनी लागू पडत नाही हे ते जाणतात. फसविणारा मात्र एकच दृष्टांत घट्ट धरून बसतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. कोणाचे मन न दुखविणारे, सत्य, प्रिय आणि हिताचे बोलणे, असे चार गुण तेथे एकत्र आहेत. आमचे ते वाक्य प्रिय होते, कोणाचे मनही दुखवीत नव्हते. सत्य आणि हित ही दोन राहिली, आणि चारांतून दोन गेली की तप राहत नाही, नुसती करमणूक राहते.

आमच्या कीर्तनकार बंधूंना एवढीच विनंती. २०१२ पासून आम्ही एक नियम पाळतो. गादीवर उभे असताना देवाच्या आणि संतांच्या नावावाचून कोणा जिवंत माणसाची शिफारस करायची नाही, मग त्याने पंगत घातलेली असो की मंडप. आभार मानावयाचे ते मंडळींनी, खाली बसून, नामगजर संपून पुरेसा वेळ झाल्यावर मानावे. काही ठिकाणी यजमान नाराज झाले. होऊ द्यावे.

आणि श्रोत्यांसाठी या महिन्याचा पाठ. येत्या एकादशीला, जागर संपल्यावर, घरातल्या चारदोघांनी मिळून मोबाइलवर आलेला एक निरोप किंवा ऐकलेले एक भाषण घ्यावे. त्याची पाच वाक्ये एका कागदावर मांडावी. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. चौथे वाक्य बहुधा सापडणार नाही. ते आपण लिहावे, मोठ्याने वाचावे, आणि ते खरे आहे का हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे. हाच प्रयोग आमच्या कीर्तनावरही अवश्य करावा. दोष सापडला तर पुढच्या मुक्कामी येऊन सांगावा, आम्ही पाया पडून ऐकू.

राम कृष्ण हरि.